साधने आहेत, साधना कुठे आहे?

मराठी विज्ञानसाहित्यावरचे प्रबंध आणि चर्चासत्रांतले निबंध अध्यापनाच्या निमित्ताने आमच्या हाती वारंवार येतात. त्यांत एक प्रकरण ठरलेले असते : ‘परग्रहावरील जीवसृष्टी : संकल्पना व स्वरूप’. ते उघडले की पुढे काय येणार हे आम्हांला आता पाठ झाले आहे. ‘विश्व अनंत आहे’ या वाक्याने आरंभ होतो. ‘मानवाला अनादी काळापासून अवकाशाचे कुतूहल आहे’ हे दुसरे वाक्य. मग उडत्या तबकड्या, मग एखाद्या वृत्तपत्रीय पुरवणीतला उतारा आणि शेवटी एखाद्या विज्ञानकथासंग्रहाच्या प्रस्तावनेतली दोन वाक्ये. तळटीप पाहावी तर ती त्या प्रस्तावनेकडे बोट दाखवते. प्रस्तावना दुसऱ्या एका लेखाकडे बोट दाखवते. तो लेख कोणाकडेच बोट दाखवत नाही. असे का, म्हणून विचारले की उत्तर येते, ‘सर, या विषयावर साधनेच मिळत नाहीत.’

हे उत्तर खरे नाही. खगोलजीवशास्त्र, म्हणजे पृथ्वीबाहेरील संभाव्य जीवसृष्टीचा अभ्यास, ही आजच्या विज्ञानातील अशा मोजक्या शाखांपैकी एक आहे की जिची मूळ कागदपत्रे फार मोठ्या प्रमाणावर विनामूल्य खुली आहेत. उणीव आहे ती मुळापर्यंत जाण्याच्या सवयीची. ही सवय लावण्याचे काम ज्यांचे, ते आम्ही मराठीचे प्राध्यापक विद्यार्थ्याचे ‘साधने नाहीत’ हे उत्तर ऐकून मान डोलावतो आणि पान उलटतो. आमचे भांडण विद्यार्थ्याशी नाही, या मान डोलावण्याशी आहे.

विशेष खेद याचा, की मूळ संहितेपर्यंत जाणे हा आपल्याच शास्त्राचा धर्म आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे आयुष्यभर गावोगावची दप्तरे धुंडाळली, हे आपण अभिमानाने सांगतो. पाठभेद, प्रक्षेप, मूळ प्रत, नक्कल प्रत हे आपले रोजचे शब्द आहेत. महानुभाव पोथीतल्या एका अक्षरावर तासभर वाद घालणारे आपण, ‘शास्त्रज्ञांच्या मते मंगळावर जीवसृष्टी होती’ असे वाक्य प्रबंधात दिसले, तर ‘कोणत्या शास्त्रज्ञांच्या, कोणत्या वर्षी, कोणत्या लेखात?’ असे एकदाही विचारत नाही. राजवाड्यांना दप्तरासाठी पायपीट करावी लागली. आज दप्तर टेबलावर येते, आणि तरीही आपण ते उघडत नाही.

प्रथम सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर जी ध्वनिमुद्रित तबकडी अवकाशात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांचे भैरवीतले गायन आहे. मराठीतल्या आणि गोव्यातल्या असंख्य लेखांत ही माहिती येते आणि ऊर भरून आल्याचे वर्णनही येते. परंतु ती तबकडी तयार करणाऱ्या कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९७८ साली ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ हे पुस्तक लिहून प्रत्येक निवडीमागची चर्चा नोंदवून ठेवली आहे, हे किती लेखांच्या संदर्भसूचीत दिसते? त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. ती मराठी शुभेच्छा नासाने ऐकण्यासाठी खुली ठेवली आहे. परग्रहावरच्या अज्ञात श्रोत्याला मराठी माणसाने कोणत्या शब्दांत संबोधले, ‘तुम्ही’ म्हटले की ‘तू’, कोणती इच्छा व्यक्त केली, हा भाषेच्या विद्यार्थ्यासाठी नामी विषय आहे. अभिमान सर्वांना आहे. ऐकून पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही.

‘आम्ही कला शाखेचे, आम्हांला विज्ञान कसे कळणार?’ ही पहिली सबब. तिला उत्तर या विषयाचा इतिहासच देतो. परग्रहांवरील वस्तीचा प्रश्न युरोपात सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो फाँतनेलच्या १६८६ सालच्या फ्रेंच संवादग्रंथातून. तो ग्रंथ म्हणजे एका विद्वानाने एका उमराव स्त्रीशी रात्रीच्या बागेत केलेले संभाषण आहे. दोनच वर्षांनी, १६८८मध्ये, त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते अ‍ॅफ्रा बेन या नाटककार, कादंबरीकार लेखिकेने, आणि त्याला भाषांतराच्या स्वरूपावर स्वतंत्र निबंध जोडला. म्हणजे भाषांतरविद्येच्या अभ्यासक्रमात मानाने बसावा असा एक जुना निबंध परग्रहांवरील जीवसृष्टीच्या पुस्तकाला चिकटून आलेला आहे.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर नासाच्या इतिहासमालेत २०१४ साली डग्लस व्हाकोच यांनी संपादित केलेला ‘आर्किऑलॉजी, अँथ्रोपॉलॉजी अँड इंटरस्टेलर कम्युनिकेशन’ हा ग्रंथ पाहावा. तो विनामूल्य उपलब्ध आहे. दूरच्या बुद्धिमान जीवांकडून संदेश आला तर तो वाचणार कसा, या प्रश्नाचा विचार त्यात पुरातत्त्वज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक करतात. कॅनडातील साहित्याचे एक प्राध्यापक रिशार सँ-जले यांचा त्यातला निबंध ‘लिनिअर बी’ या प्राचीन लिपीच्या उलगड्यापासून सुरू होऊन थेट चिन्हमीमांसेच्या प्रश्नाला भिडतो : एखादी गोष्ट चिन्ह आहे, हे मुळात ओळखायचे कसे? चिन्हमीमांसा तर आपल्या एम. ए.च्या समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत असते. नासाने ज्या प्रश्नासाठी साहित्याच्या प्राध्यापकाला बोलावले, त्या प्रश्नापासून मराठीचा प्राध्यापक ‘ते विज्ञानवाल्यांचे’ म्हणून दूर पळतो.

दुसरी सबब अशी : ‘विज्ञानकथा ही शेवटी कथा. तिच्यातले विज्ञान तपासायचे कशाला?’ हे म्हणणे वरवर साहित्यनिष्ठ वाटते. पण ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास करताना बखरी व पत्रव्यवहार वाचू नयेत, असे कोणी म्हणते काय? कथाकाराने सामग्रीचे काय केले हे समजायचे तर ती सामग्री काय होती हे आधी माहीत असावे लागते. एरवी ‘लेखकाची कल्पनाशक्ती विलक्षण आहे’ यापलीकडे समीक्षा जात नाही, आणि ज्याला आपण लेखकाची कल्पना म्हणतो ती त्या वर्षीच्या एखाद्या नियतकालिकातली चर्चा असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जयंत नारळीकर यांचे आहे. मराठी विज्ञानसाहित्यावरचा एकही प्रबंध त्यांच्या नावावाचून पुरा होत नाही. ‘यक्षांची देणगी’मधल्या कथा, परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या कल्पनेभोवती उभी राहिलेली ‘प्रेषित’ ही कादंबरी, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘चार नगरांतले माझे विश्व’ आणि २०२१च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, या सगळ्याची नोंद प्रबंधांत असते. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आदरांजलीच्या लेखांतही हीच यादी आली. पण हाच लेखक पृथ्वीबाहेरील सूक्ष्मजीवांच्या प्रत्यक्ष शोधात उतरला होता, याची गंभीर दखल साहित्याच्या अभ्यासात आम्हांला दिसलेली नाही.

ती हकिकत अशी. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असावेत, असे मत फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडले होते. हॉइल हे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. हे मत तपासण्यासाठी जानेवारी २००१मध्ये हैदराबादहून एक प्रचंड बलून सोडण्यात आला. निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या पोलादी नळ्यांतून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. नारळीकर आणि सहकाऱ्यांचा त्याविषयीचा लेख ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स अँड स्पेस सायन्स’ या नियतकालिकात २००३ साली आला. एप्रिल २००५मध्ये दुसरे उड्डाण झाले. या वेळच्या नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाली. बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांतल्या तीन जीवाणूंच्या जाती नवीन ठरल्या. त्यांना जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे २००९ साली देण्यात आली : एक हॉइल यांच्या स्मरणार्थ, एक इस्रोच्या नावाने, एक आर्यभटाच्या.

मराठीत ही बातमी जिथे पोहोचली, तिथे ती ‘अवकाशातून आलेले जीवाणू सापडले’ अशा थाटात पोहोचली. इस्रोच्या निवेदनात मात्र हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्वच्छ म्हटले होते. आणि गोष्ट तिथेही संपत नाही. बॅसिलस आर्यभट्टाय या जातीचे जीवाणू पुढे पृथ्वीवरच्याच मातीत, पिकांच्या मुळांभोवती सापडल्याचे शोधनिबंध आले. जीवाणूंच्या वर्गीकरणात तिचा गणही बदलला. म्हणजे ४१ किलोमीटरपर्यंत उंचावर सापडलेला जीव शेतातल्या ढेकळातही निघाला. याने नारळीकरांचा प्रयोग क्षुद्र ठरत नाही. इतक्या उंचीवर, तशा थंडीत आणि अतिनील किरणांत सूक्ष्मजीव तग धरू शकतात, हेच मोठे आहे. पण ते खालून वर गेले की वरून खाली आले, हा प्रश्न त्या प्रयोगाने सुटला नाही, आणि प्रयोग करणाऱ्यांनी तो सुटल्याचा आव आणला नाही.

आता विचार करा. ज्याच्या कथांत परग्रहावरील जीव येतात, तोच लेखक प्रयोगशाळेत त्याच प्रश्नाकडे किती सावधपणे, किती अटी घालून पाहतो! कथेतला निःशंक स्वर आणि शोधनिबंधातला साशंक स्वर यांची तुलना हा एका चांगल्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो. साहित्याचा अभ्यासकच तो लिहू शकेल, कारण स्वर, निवेदक, विधानाची खात्री आणि अनिश्चितता यांचे विश्लेषण हे त्याचे काम आहे. ही संधी आपण दवडतो, कारण २००३चा तो लेख शोधण्याचे आपल्याला सुचत नाही.

तिसरी सबब मराठीपणाची आहे : ‘हा सगळा परकीय विषय, मराठीत त्याचे संदर्भ कोठून आणणार?’ विषय इतका परकीय नाही. ‘एक्झोबायोलॉजी’ हा शब्द रूढ करणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग नोव्हेंबर १९५७मध्ये कलकत्त्याला जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आले होते. हाल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून भारतात स्थायिक झाले होते. स्पुटनिक नुकताच उडाला होता, त्या दिवसांत चंद्रग्रहण होते, आणि रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी सोव्हिएत संघ चंद्रावर अणुस्फोटाचा तांबडा तारा तर चमकवणार नाही ना, अशी चर्चा जेवणाच्या वेळी निघाली. राजकीय प्रदर्शनापायी चंद्रावरचे, ग्रहांवरचे जैविक पुरावे कायमचे दूषित होतील, ही चिंता लेडरबर्ग यांनी या भेटीनंतर जोमाने मांडली. ग्रहांचे जैविक संरक्षण आणि परग्रहावरील जीवांचा पद्धतशीर शोध या दोन्हींच्या आरंभाशी ही कलकत्त्याची भेट जोडलेली आहे. लेडरबर्ग यांच्या कागदपत्रांचा मोठा भाग अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना खुला केला आहे. पत्रव्यवहार वाचायला वैज्ञानिक असावे लागत नाही.

आणि अगदी घरचे उदाहरण म्हणजे लोणार. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर बेसाल्ट खडकात आघाताने झालेले आहे. मंगळाच्या पृष्ठभागावरही मोठ्या प्रमाणावर बेसाल्टच असल्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे आदर्श नमुना म्हणून पाहतात. ते उल्काघाती विवर असल्याचे भक्कम प्रतिपादन ‘सायन्स’ नियतकालिकात १९७३ साली झाले. त्याचे वय मराठी लेखांत आणि प्रवासवर्णनांत हटकून ‘सुमारे पन्नास हजार वर्षे’ असे येते. हा आकडा निराधार नव्हता, एका पद्धतीने केलेल्या मापनातून तो आला होता. परंतु २०११ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आरगॉन समस्थानिकांच्या आधारे त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मांडले गेले. आकड्यात दहापटींहून अधिक फरक पडला, तरी आपल्या लेखांत जुनाच आकडा एकमेकांकडे बघून उतरवला जातो. पोथीच्या नकलेत एका लेखनिकाची चूक पुढच्या सर्व प्रतींत कशी उतरते, हे आपण फळ्यावर वंशवृक्ष काढून शिकवतो. तो वंशवृक्ष आपल्याच लेखांचा काढला तर?

इथे एक खबरदारीही सांगायला हवी. साधन मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. साधनाला तारीख असते आणि तारखेनंतरही गोष्टी घडतात. डिसेंबर २०१०मध्ये कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातल्या एका जीवाणूविषयी दावा झाला, की तो फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगू शकतो. ‘जीवनाची व्याख्याच बदलली’ अशी हाक तेव्हा जगभर उठली. दोन वर्षांतच इतर प्रयोगशाळांनी तो दावा खोडून काढला आणि जुलै २०२५मध्ये ‘सायन्स’ने तो निबंध लेखकांच्या विरोधाला न जुमानता मागे घेतला. आज एखाद्या प्रबंधात तो जीवाणू पुरावा म्हणून अवतरत असेल, तर वाचकाने काय समजावे?

एप्रिल २०२५मधले उदाहरण तर ताजेच आहे. सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘के२-१८ बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम संयुगाचा संकेत मिळाल्याचे केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केले. पृथ्वीवर हे संयुग प्रामुख्याने सागरी सूक्ष्मजीव तयार करतात. दुसऱ्या दिवशी ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ अशा अर्थाचे मथळे झळकले. मूळ निबंध सर्वांना खुला आहे. त्यात संकेताची खात्री ‘तीन सिग्मा’ इतकी दिली आहे. शोध पक्का म्हणण्यासाठी साधारणपणे पाच सिग्माची अपेक्षा असते. निबंधात दोन संयुगांपैकी एक किंवा दोन्ही, असा विकल्प आहे आणि अधिक निरीक्षणांची गरज आहे अशी कबुली आहे. काही आठवड्यांतच इतर गटांनी त्याच निरीक्षणांची फेरतपासणी करून पुरावा अपुरा असल्याचे दाखवले. शिवाय, हेच संयुग एका धूमकेतूवर, जिथे सजीवांचा प्रश्नच नाही, तिथेही आढळल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले होते. निबंध, विद्यापीठाचे निवेदन, वृत्तसंस्थेची बातमी आणि मराठी मथळा अशा चार पायऱ्यांवर ‘कदाचित’ हा शब्द कुठे गळून पडला, हे शोधणे म्हणजे शुद्ध पाठचिकित्सा आहे. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही, चार कागद समोरासमोर ठेवण्याची चिकाटी लागते.

एक शब्द गळण्याने काय होते, याचा जुना दाखला मंगळाचा. १८७७ साली इटालियन खगोलज्ञ स्कियापारेल्ली यांनी मंगळावरच्या रेषांना ‘कनाली’ म्हटले. त्याचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत तो खोदलेला कालवा झाला, आणि कालवा आला की खोदणारे आले. ही कथा मराठीत पुष्कळदा सांगितली जाते. पण ती सांगणाऱ्यांनी पर्सिव्हल लॉवेल यांची १८९५ आणि १९०६ची पुस्तके उघडली असती, तर सगळा दोष भाषांतरावर ढकलता येत नाही हे त्यांना दिसले असते. लॉवेल यांनी कालव्यांचा सिद्धांत पूर्ण जाणिवेने, तर्क लढवत उभारला होता. त्याचे सविस्तर खंडन आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०७ साली एका छोट्या पुस्तकात केले. ही तिन्ही पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर कोणालाही वाचता येतात. वादविवादाच्या गद्याचा नमुना म्हणून ती साहित्याच्या वर्गात वाचण्याजोगी आहेत.

साधनांची नावे मुद्दाम सांगतो, म्हणजे ‘मिळत नाहीत’ हे वाक्य पुन्हा ऐकावे लागू नये. खगोलविषयक शोधनिबंधांच्या प्रकाशनपूर्व प्रती ‘अर्काइव्ह’ या भांडारात १९९०च्या दशकापासून साठत आल्या आहेत. नासाच्या मदतीने चालणाऱ्या ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’मध्ये एखाद्या निबंधाला पुढे कोणी आधार मानले, कोणी खोडले, हे एका नजरेत दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीचे अहवाल विनामूल्य उतरवून घेता येतात आणि त्यांत खगोलजीवशास्त्राच्या दिशादर्शनाचा अहवाल आहे. नवख्या अभ्यासकासाठी तरुण संशोधकांनी मिळून लिहिलेली ‘अ‍ॅस्ट्रोबायोलॉजी प्रायमर’ आहे. तिची २०१६ची आवृत्तीही खुली आहे. कल्पनेच्या इतिहासासाठी मायकेल क्रो आणि स्टीव्हन डिक यांचे ग्रंथ विद्यापीठीय ग्रंथालयातून मागवता येतात. आपल्याकडील प्रबंध ‘शोधगंगे’त आहेत.

शोधताना शब्दही काळाप्रमाणे बदलावे लागतात. ‘एलियन’ हा शब्द टाकला तर चित्रपट आणि भोंदूगिरी हाती लागते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकासाठी ‘प्लुरॅलिटी ऑफ वर्ल्ड्स’, १९६०नंतरच्या काळासाठी ‘एक्झोबायोलॉजी’, नासाने १९९८ साली स्वतंत्र संस्था काढली तेव्हापासून प्रामुख्याने ‘अ‍ॅस्ट्रोबायोलॉजी’, आणि आजच्या दाव्यांसाठी ‘बायोसिग्नेचर’ हे शब्द वापरावेत. आपल्या ‘परग्रहवासी’ या शब्दाकडेही जरा संशयाने पाहावे. शोध चालला आहे तो बहुतांशी सूक्ष्मजीवांचा किंवा त्यांच्या रासायनिक खुणांचा, आणि आपला शब्द मात्र तिथे आधीच एक रहिवासी बसवून ठेवतो.

आमच्यावर आक्षेप येईल की हे सगळे इंग्रजीत आहे, आणि ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलाला ते झेपत नाही. आक्षेप खरा आहे. तो आम्ही हलका मानत नाही. नियतकालिकांच्या प्रवेशातही विषमता आहे. केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केली आणि जानेवारी २०२५पासून सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. पण सरकारी नसलेल्या महाविद्यालयातल्या मुलाला तिचा तसाच लाभ मिळतो असे नाही. म्हणूनच वर दिलेली साधने आम्ही खुली आहेत तीच दिली. इंग्रजीचे म्हणाल तर वैज्ञानिक निबंधाचा सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष एवढे आठ-दहा परिच्छेद शब्दकोश व परिभाषा कोश घेऊन वाचणे एम. ए.च्या विद्यार्थ्याला अशक्य नाही. त्याला सोबत मात्र लागते. ती देण्याऐवजी आपण त्याला मराठीतल्या तिसऱ्या हाताच्या लेखाकडे वळवतो आणि त्याला भाषाप्रेम म्हणतो. हे भाषाप्रेम नव्हे, आळसाला दिलेले गोंडस नाव आहे. मराठीवर प्रेम असेल तर तो सारांश मराठीत आणावा.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मराठी विभागाने विज्ञानसाहित्यावरच्या कोणत्याही प्रबंधाचा आराखडा स्वीकारताना किमान पाच मूळ वैज्ञानिक साधनांची यादी मागावी. मार्गदर्शकाने ती स्वतः वाचावीत. वरच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला महिन्यातून एकदा चहाला बोलवावे आणि विद्यार्थ्यांसमोर एक निबंध त्याच्याबरोबर वाचावा. मौखिक परीक्षेत परीक्षकाने एक तळटीप उचलून ‘हे तुम्ही कुठे वाचले?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्या विभागात एवढेही होत नसेल, त्याने विज्ञानसाहित्य हा विषय संशोधनाला देणे खुशाल बंद करावे. त्यामुळे साहित्याचे नुकसान होणार नाही. आज ज्या पद्धतीने प्रबंध होत आहेत, त्यांमुळे मात्र ते रोज होत आहे.